बोटभर जागा

भाऊजींना सगळं कळतं. पंखा कुरकुरला तर का कुरकुरतो ते कळतं, शेजारच्या बाईचा गुडघा का दुखतो तेही कळतं. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून वहिनी आपल्या या धाकट्या दिराचं कळणं ऐकत आली होती. ऐकायचं, मान डोलवायची आणि कामाला लागायचं.

गेल्या वर्षी तिने भाऊजींबरोबर डोंगरातल्या तीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, तेव्हा तिचे बूटही भाऊजींनीच निवडले. "घट्टच पाहिजेत वहिनी, पाय आत हलता कामा नये!" तिने ऐकलं. मूर्ख कुठली! उतारावर बोटं पुढे आदळून आदळून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बाविसाव्या किलोमीटरवर एक चौकी होती. तिथे ठरलेल्या वेळेत पोचलं नाही, तर छातीवरचा नंबर काढून घेतात आणि टेम्पोत बसवतात. ती अकरा मिनिटं उशिरा पोचली.

चौकीच्या जरा वर ती दगडावर बसून नाड्या सैल करत होती, तेव्हा भाऊजी शेजारून गेले. थांबले असतील? नाव नको! "पुढच्या वर्षी आहेच की, वहिनी!" म्हणाले आणि गेले उड्या मारत. नखं पुन्हा आली. ते वाक्य मात्र तिच्या मनातून वर्षभर हललं नाही.

या वर्षी ती एकटीच दुकानात जाणार होती. पण भाऊजींना वास लागला. तेही आले, त्यांनाही नवे बूट घ्यायचे होते. गेल्या वर्षी आपण मित्राचे जुने, सैल बूट मागून पळालो, हे ते साफ विसरले होते.

वहिनी पाण्याची मीटरं वाचायची. चढावरच्या दीडशे घरांच्या पायऱ्या रोज चढायच्या आणि उतरायच्या. संध्याकाळी पाय किती फुगतात हे तिला कुठल्या व्हिडिओने सांगायला नको होतं. म्हणून ती मुद्दाम काम संपवून, शर्यतीत घालायचे तेच जाड मोजे घालून आली. दुकानात एक लाकडी उतार ठेवला होता. ती त्यावर चढली, जोरात उतरली. पुन्हा चढली.

"बोट लागतंय का पुढे?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"लागतंय. अर्धा नंबर मोठा दे."

"अहो वहिनी, लोक बघतायत!" भाऊजी कुजबुजले. "पायात होड्या घालून पळणार का?"

"बघू देत." पुढे बोटभर जागा राहिली, टाच जागची हलली नाही, तेव्हा कुठे ती खाली बसली. भाऊजींनी स्वतःचे बूट खुर्चीवर बसल्या बसल्या, पातळ मोजे घालून घेतले. मुलगी उताराकडे बोट दाखवत राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाण्याचंही तेच. वहिनीने छातीवर दोन मऊ बाटल्या बसतील असं जाकीट घेतलं. भाऊजींनी पाठीवरची दोन लिटरची पिशवी घेतली, तोंडापर्यंत येणारी नळी आणि काय काय. "बाटल्या पोरासोरांना ठीक आहेत," म्हणाले.

"ती परत भरायची कशी, भाऊजी?"

"सोपं असतं ते."

सोपं कसलं! पाठीवरचं काढा, आतलं सामान उपसा, पिशवी बाहेर ओढा, भरा, पुन्हा कोंबा. शर्यतीच्या दिवशी भाऊजींनी ओझं नको म्हणून पिशवी अर्धीच भरली, आणि एवढा उपद्व्याप कोण करणार म्हणून वाटेतल्या पाण्याच्या पहिल्या दोन्ही चौक्यांवर न थांबता पुढे गेले. वहिनीने दोन्हीकडे बाटल्या भरल्या. उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात.

एकविसाव्या किलोमीटरनंतर मोठा उतार लागला. खालची बाविसाव्या किलोमीटरची चौकी तिथूनच दिसत होती, वहिनीच्या हाती नऊ मिनिटं होती. आणि बरोबर गेल्या वर्षीच्याच त्या दगडावर भाऊजी बसले होते. बूट काढलेले, अंगठे काळेनिळे, ओठ कोरडे. नळी चोखत होते आणि नळीतून नुसती हवा येत होती.

तिला हसू आलं. खोटं कशाला बोला, चांगलंच आलं. तरी ती थांबली आणि एक भरलेली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घटाघट रिकामी केली.

"हिचं तोंड जरा लहानच आहे," ते म्हणाले.

वहिनीने रिकामी बाटली परत घेतली.

"आता हळूहळू बरोबरच उतरू," ते म्हणाले. "अनवाणी एकटा कसा येऊ? आणि तुम्हाला काय, पहिला नंबर थोडाच काढायचाय."

क्षणभर तिचे पाय अडले. एकवीस वर्षांची सवय ती, अशी थोडीच सुटते. मग तिने बुटात बोटं हलवून बघितली. सगळी मोकळी होती.

"पुढच्या वर्षी आहेच की, भाऊजी!" म्हणाली आणि सुटली.

चौकीत पोचली तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. "वर दगडावर एक जण बसलेत," तिने तिथल्या माणसाला सांगितलं. "त्यांना आणायला कोणीतरी पाठवा."

"पाय मोडला का?"

"पायाला काही झालेलं नाही. बूट लहान आहेत," बाटली भरत ती म्हणाली. "त्यांनी स्वतःच निवडलेत."