सहावी ओळ

तिला सगळे घारीच म्हणत; डोळे असे, की भिंतीपलीकडची मुंगी डावरी आहे की उजवी तेही सांगतील. म्हणून तर हॉस्पिटलच्या तळघरात, सगळ्या मजल्यांच्या तारा जिथून निघतात, तिथं तिला बसवलेली. खुर्ची आधी दाजींची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या नवऱ्याची. चार वर्षांपूर्वी ते त्याच खुर्चीत गेले. ताईवाचून त्या माणसाला चहासुद्धा गोड लागायचा नाही.

त्या दुपारी घारीचा जीव चौथ्या मजल्यावर होता. सकाळीच ताईच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि तिचे ठोके तारेतून नर्सबाईंच्या पडद्यावर उमटत होते.

काम एवढंसं. कुठली तार चालू, कुठली बंद हे ठरवणाऱ्या पेटीला पाच नव्या ओळी, म्हणजे पाच हुकूम द्यायचे. मसुदा सगळ्यांचा एकच, कुणीही लिहावं. आधी तपासायचं, मग दहा मिनिटांपुरतं चालू करायचं. तेवढ्यात कुणी 'पक्कं' केलं नाही, तर पेटी आपोआप जुन्या वळणावर जाते.

घारीनं तपासलं. पेटी म्हणाली, चूक नाही. ओळ नीट लिहिली की पेटी खूश; ती कुणाचा गळा दाबणार, हे पेटी बघत नाही.

पण ओळी सहा होत्या. शेवटची होती, 'सतरा नंबर बंद.'

साहेबांची असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात साहेबांचाच फोन आला.

"काय गं, झालं का? की मुहूर्त बघतेस?"

"साहेब, सहा ओळी आहेत."

"मग सहाच्या सहा कर. पेटी चूक म्हणते का?"

"नाही."

"मग तू कशाला म्हणतेस?"

घारीनं चालू केलं. फोन मुका झाला. तिच्या समोरचा पडदा गोठला. तिनं दारामागचा कागद बघितला: सतरा नंबरची तार म्हणजे तळघर आणि चौथा मजला. इथून आता काही मागे फिरवता येणार नव्हतं.

नुसतं बसलं असतं तरी दहा मिनिटांत सगळं परत आलं असतं. पण साहेबांना एक खोड होती. कुणी विसरलं असेल म्हणून ते पाचव्या मजल्यावरून स्वतःच 'पक्कं' करून टाकायचे.

घारी जिन्यानं धावत सुटली. चौथ्यावर काचेतून दिसलं, नर्सबाई या खाटेवरून त्या खाटेवर पळत होत्या. ती थांबली नाही. पाचव्यावर साहेब हसत बसलेले.

"विसरलीस ना? केलं मी पक्कं!"

"मागे फिरवा! सतरा बंद झालंय!"

"ती ओळ तुझीच ना?"

"तुमची ना?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं जुनं परत आणलं. फोन वाजला. घारीनं उचलला. नर्सबाई म्हणाल्या, "पडदा आला. फक्त तुमच्या ताईंचे ठोके नाहीत."

"म्हणजे?" घारी ओरडली.

"त्यांनीच तार उपटलीय. म्हणतात, गुदगुल्या होतात!"

घारी हसली. साहेब मात्र पडद्याकडे बोट दाखवत होते. चालू होऊन गेलेल्या ओळींच्या नोंदीत पेटी प्रत्येकीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव ठेवते. सहाव्या ओळीशेजारी दाजींचं नाव होतं. तारीख आजची.

आणि रिकाम्या मसुद्यात ती ओळ पुन्हा उमटत होती. एकेक अक्षर, सावकाश, दाजी टाइप करायचे तशी.

घारीनं साहेबांना बाजूला सारलं आणि ओळ पुसली. "दाजी, ताई इतक्यात तुमच्याकडे यायची नाही. चहा एकट्यानं घ्या."

ओळ परत आली. तिनं परत पुसली.

ताई ठणठणीत होऊन घरी गेली. घारी म्हणे अजून पुसतेच आहे, आणि साहेब 'पक्कं' करणारे हात मांडीखाली दाबून शेजारी बसलेत.