टेस्टरवरचा तिसरा दिवा

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर तीन महिन्यांनी दादा पहिल्यांदाच धाकट्या बहिणीबरोबर कामावर आला. दवाखान्याच्या नव्या खोल्यांत नेटवर्कच्या केबल टाकून झाल्या होत्या, टोकांना प्लग तेवढे बसवायचे राहिले होते. हे काम तिला त्यानंच शिकवलं होतं.

त्यानं केबलचं आवरण सोललं आणि आतल्या आठ तारा रंगांच्या क्रमानं लावायला घेतल्या. उजवा हात काही ऐकेना. हिरवी सरळ केली की निळी निसटायची. ती पुढे झाली तर म्हणाला, "थांब गं, अजून जिवंत आहे मी." अर्ध्या तासानं तारा कशाबशा प्लगमध्ये गेल्या. प्लग तारांवर घट्ट बसवणारी क्रिंपिंगची पकड दाबून त्यानं घाम पुसला.

तिनं केबलला टेस्टर लावला; प्रत्येक तारेचा एक, असे आठ दिवे लागायला हवे होते. तिसरा दिवा लागलाच नाही. तिनं टेस्टर चटकन पाठीमागे धरला.

"झकास झालंय, दादा."

"मग लपवतेस कशाला?"

दादानं पकड तिच्या हातात दिली. "टोक काप, नवा प्लग लाव," एवढंच बोलून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं टोक कापलं. डोळे भरून आल्यानं तिला तारांचे रंग ओळखू येईनात. त्यानंतर दादा कामावर आला नाही.