बाई फलक वाचायला आल्या

सोसायटीत लिफ्टसाठी वर्गणी काढायचं ठरलं आणि खजिनदारपद दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरच्या गळ्यात पडलं. मागे टाकीसाठी जमवलेल्या पैशांचं काय झालं, ते कुणालाच धड कळलं नव्हतं. तेव्हापासून वर्गणी म्हटली की लोक दार लोटून घेत. या नव्या खजिनदारणीने जिन्याखाली काळा फलक लावला. कुणी काय दिलं, कुठे काय गेलं, सगळं खडूने त्यावर. हळूहळू दारं किलकिली झाली.

लिफ्ट खरी हवी होती ती पाचव्या मजल्यावरच्या बाईंना. निवृत्त व्यायामशिक्षिका, निम्म्या इमारतीने त्यांच्या शिट्टीवर उड्या मारलेल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कित्येक वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या.

आणि लिफ्टचा कंत्राटदार पळाला. आगाऊ रक्कम घेतली, फोन बंद, दुकानाला कुलूप.

"फलकावर यातलं अक्षर लिहू नका," अध्यक्षकाका कुजबुजले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तक्रार दिलीय ना? पैसे आले की बघू."

"आणि नाही आले तर?"

"लोक फाडून खातील हो तुम्हाला. भल्याचं सांगतोय."

तरी तिने खडू उचलला. 'आगाऊ रक्कम बुडाली. कंत्राटदाराची पुरती चौकशी न करता चेकवर सही मी केली. तक्रार दिली आहे. रविवारी सकाळी इथेच उभी असेन. काय विचारायचं ते विचारा.'

रविवारी जिन्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे आळीपाळीने फलकाकडे आणि तिच्याकडे बघत होते.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अरे डावीकडे! भिंतीला घासतेय ती!"

सगळ्यांनी माना वर केल्या. चौघेजण लाकडी खुर्ची उचलून पायरी पायरी उतरत होते, आणि खुर्चीत बाई, पाठ ताठ, मांडीवर चष्मा. पुढचे दोघे एकमेकांचं तोंडही न बघणारे शेजारी. आता एकाच तालात धापा टाकत होते.

खुर्ची फलकासमोर टेकली. बाईंनी चष्मा लावला, सगळं सावकाश वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे बुडालेलं स्वतःहून लिहिलंय. म्हटलं, ऐकीव नको, डोळ्यांनी बघू." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "चौकशी का नाही केलीस गं?"

"घाई झाली, बाई. तुम्हाला लवकर खाली आणायचं होतं."

"मग आणलंस की!"

कुणीतरी खुदकन हसलं आणि गर्दीचा श्वास सुटला. मग प्रश्न आले, बोचरे, एकामागून एक. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. चेकवर यापुढे तिघांच्या सह्या लागतील, असं तिथेच ठरलं. निम्मे पैसे पुढे पोलिसांमार्फत परत आले. बाकीचे लोकांनी पुन्हा घातले, कुरकुरत का होईना. लिफ्टही उशिराने बसली.

पण त्या सकाळी प्रश्न संपल्यावर चौघांनी खुर्ची उचलली, ती वर न्यायला नाही, अंगणात. बाईंनी चपला काढल्या आणि पाय मातीवर टेकवले. डोळे मिटून त्या तशाच बसल्या. डॉक्टर दारात उभी राहून बघत राहिली; आपण एवढंसं लिहिलं आणि हे घडलं, यावर तिचा विश्वासच बसेना.