कुरकुरणारे इंजिन आणि मुका पट्टा

मित्रांनो, मी शाळेच्या व्हॅनचे एक जुने इंजिन आहे. माझी एक खोड साऱ्या गॅरेजला ठाऊक होती. मी सतत कुरकुर करायचो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह माझ्या डोक्यात, पण त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट खाली पोटात. मधला निरोप पोचवतात लांब सळ्या, म्हणजे पुशरॉड. सळीच्या टोकाशी जरा फट वाढली की टकटक सुरू! मग मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि नेमके दुखणे शोधायचा.

व्हॅन चालवायची त्याची धाकटी बहीण. चढावर मला धाप लागते म्हणून तिने वापरलेले, पण नव्या घडणीचे इंजिन आणले. कानामागून आले आणि तिखट झाले. मला उतरवून कोपऱ्यात ठेवले आणि भंगारवाल्याला निरोप गेला. मी भीतीने गारठलो.

नव्याचा कॅमशाफ्ट थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर. सळ्या नाहीत, खडखड नाही, अंगात चपळाई. पण खालची फिरकी वर नेतो तो दातेरी रबरी पट्टा. कव्हर लावण्याआधी मी तो पाहिला. दातांच्या मुळाशी भेगा होत्या. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडेच अडकणार, पिस्टन त्यांच्यावर आदळणार आणि गाडी चालता चालता बंद पडणार.

बहिणीने विचारलेही, "दादा, पट्टा बदलायचा का रे?"

मिस्त्रीचे आयुष्य माझ्यासारख्यांत गेलेले. माझ्यात पट्टा नाही, साखळी आहे. ती सैल झाली की खणखणते. रबरी पट्टा मात्र तुटेपर्यंत मुकाच असतो, तरी त्याने सवयीने कान लावला.

"आवाज आहे का कुठे? मग ठणठणीत आहे."

मला ओरडावेसे वाटले, पण उतरवलेल्या इंजिनाला वाचा कुठली? अकरा मुलांना घेऊन व्हॅन घाटाकडे गेली. माझा जीव दिवसभर टांगणीला लागला. भंगाराची भीती मी विसरूनच गेलो.

संध्याकाळी व्हॅन दोरीला बांधून आली. मुले सुखरूप होती. उतार लागायच्या एक वळण आधी ती बंद पडली होती. मिस्त्री तुटका पट्टा हातात घेऊन माझ्यापाशी येऊन बसला.

"तू निदान कुरकुरत तरी होतास," तो म्हणाला.

भंगारवाला रिकाम्या हाताने परतला. मिस्त्रीने मला पुन्हा बसवले आणि फटी इतक्या नीट जुळवल्या की आता माझा आवाजच येत नाही. सगळे खूश आहेत. मी मात्र घाबरलो आहे. मित्रांनो, कुरकुरणाऱ्याकडे कोणाचेही लक्ष जाते. उद्या मुले व्हॅनमध्ये बसण्याआधी कोणीतरी माझे झाकण उघडून पाहा.