हाताला गुण नाही

लग्न होऊन सात वर्षं झाली आणि सात वर्षांत मी घरी कोथिंबीरसुद्धा पेरलेली नाही. पेरू देत नाहीत. माझ्या हाताला गुण नाही, हे पेडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आमच्याकडे पेरणी आता ट्रॅक्टरने होते, पण पहिली मूठ हातानेच सोडायची आणि तीही गुणाच्या हाताने. माझ्या सासूबाईंचा, छबूबाईंचा, हात तसला. अर्धं गाव त्यांना पेरणीला घेऊन जातं, साडीचोळी करतं. लग्नाच्या पहिल्या साली त्यांनी मोठ्या हौसेने मूठ मला धरायला लावली आणि चार एकर सोयाबीन उगवलंच नाही. दुबार पेरणी झाली. तोंडावर मला कुणी काही बोललं नाही, हो. फक्त तेव्हापासून घरात बियाणं बाहेर काढलं की मला चहा ठेवायला पाठवतात.

तर मे महिन्यात माझा भाऊ हरिओम ब्लूबेरीची डबी घेऊन आला. तो नाशिककडे एका नर्सरीत कामाला आहे. निळीशार फळं, करवंदाएवढी. एक चिरलं तर आत खसखशीसारखं बी. "ताई, बियांपासून लय किचकट असतंय. लोक रोपंच आणतेत," तो म्हणाला. झालं! किचकट म्हटल्यावर मला राहवेना. अख्ख्या गावात कुणी पेरलं नाही ते माझ्या हाताने उगवलं, तर मग बोलतील कोणत्या तोंडाने?

बी धुतलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि तीन महिने फ्रीजमध्ये ठेवलं. थंडी लागल्याशिवाय ते जागंच होत नाही. आत्याबाई, म्हणजे सासूबाईच, दुधाचं पातेलं काढताना रोज विचारायच्या, "ह्ये मढं कवा उठायचं गं?"

श्रावणात ते ट्रेमध्ये पेरलं. काळ्या रानात हे झाड तग धरत नाही, म्हणून हरिओमने आंबट, म्हणजे ॲसिडवाली, माती पाठवली होती. बी पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. बोअरचं पाणी खारं, म्हणून पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी कॅनमध्ये धरलं. मग वाट बघणं सुरू झालं आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

हरिओम म्हणाला होता, महिना-दीड महिना लागेल. पण आमची नजर सोयाबीनची. पाचव्या दिवशी दिसलं नाही की दुबारची भाषा सुरू होते. तव्यावर भाकर टाकून मी ओसरीवर ट्रे बघायला पळायची, भाकर करपायची. धुणं अर्धं दोरीवर, अर्धं बादलीत. "चुलीपशीच ठेव तो ट्रे," माझा नवरा रविकांत वैतागून म्हणाला. रात्री अंथरुणावर पडलं तरी बोटं चुळबुळत असायची.

पस्तिसाव्या दिवशी हिरवं दिसलं. एक-दोन नव्हे, पंचवीस-तीस ठिपके! शेजारच्या बायनाबाईंना मी हाताला धरून ओढत आणलं. पेढे वाटले. हरिओमला फोन लावला आणि बोलायचं सोडून रडले. आत्याबाई "आलं की मग" एवढंच म्हणाल्या आणि गोठ्यात गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी पानं जरा मोठी झाली. एका सकाळी ट्रेमधली काडी काढताना एका पानाला बोट घासलं आणि बोटाला वास आला. तुळशीचा. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. सगळी तुळस. अंगणातली मंजिरी ट्रेमध्ये कुणी चुरली, हे विचारायची गरज नव्हती.

"आत्याबाई, माझा तमाशा कशाला केलात?"

त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान वर केली नाही. "दिसातून ईस डाव जायचीस बघायला. मला बघवत न्हवतं."

"गुण न्हाई म्हणून कीव केली व्हय? गावभर पेढे वाटले मी!"

"तुज्या हाताला काय झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या साली बियाण्याचं पोतं गळक्या पत्र्याखाली भिजलं हुतं. मी वाळवून परत भरलं. वाटलं, उगवंल."

"म्हणून मूठ मला दिलीत?"

त्या शेंगा फोडत राहिल्या.

सात वर्षं! मला इतका राग आला की त्यांच्या पुढ्यातलं सूप भिरकावून द्यावंसं वाटलं. "हे बायनाबाईंना सांगा," मी म्हटलं.

"तेवढं नगं, ग्यानेश्वरी. पेरणीला बोलवतेत मला. तेवढंच हाय माझ्यापशी."

दिवसभर मी सुईने एकेक तुळस उपटत बसले. खाली दोन रोपं वेगळी होती. तिळाएवढी, तांबूस देठाची, बिनवासाची. खरी ब्लूबेरी. पाच महिने जिच्यासाठी जीव टांगला होता ती समोर होती आणि मला आनंदच होईना. दाखवायची कुणाला? पुन्हा पेढे वाटायचे?

चार दिवसांनी बायनाबाई आल्या. त्यांची ज्वारीची पेरणी होती, आत्याबाईंना न्यायला आल्या होत्या. दारात ट्रॅक्टर सुरूच होता. आत्याबाईंनी पाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि परत येऊन खाली बसल्या.

"गुडघं दुखायलेत का?" बायनाबाईंनी विचारलं.

"न्हाई. हिला ने."

बायनाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सात वर्षांत तो चेहरा मला पाठ झाला होता.

"आमचं सोयाबीन गेलं ते भिजल्या बियाण्यानं," आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मला ठाव हुतं. ठाव असून मूठ हिच्या हातात दिली."

हे ऐकलं की काळीज थंड होईल, असं मला वाटायचं. कशाचं काय! मी दारातच उभी राहिले.

"मग चल की बाई," बायनाबाई म्हणाल्या. "उभी काय ऱ्हायलीस? रानातली वल उडून जायलीय."

मी चप्पल शोधली, ट्रॅक्टरवर बायनाबाईंच्या शेजारी चढून बसले. आत्याबाई तशाच बसून होत्या. गल्लीच्या टोकाला आल्यावर मला राहवेना. मी वाकून बायनाबाईंना विचारलं, "बी कुठं ठेवलं हुतं तुमी?"