पेशी कशाने मेल्या

बायको गेली तेव्हा वाटलं होतं, यापुढे जाण्यासारखं काही उरलं नाही. तिचं शेवटचं कामही गेलं, हे नंतर एका सकाळी कळलं. तिची सहकारी दारात उभी होती. अंगाने काटकुळी म्हणून बायको तिला सुई म्हणायची. सुई आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि दिलेलं पाणी तसंच हातात धरून राहिली.

"काका, ताईंचा निष्कर्ष टिकत नाही," ती म्हणाली.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. प्रयोगशाळेतली लिफ्ट अडकली तेव्हा आतून मला दमात घेणारी बाई म्हणजे माझी बायको. आमची ओळख तशी झाली. तिचं काम मला जेवताना तिने सांगितलं तेवढंच कळतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिथल्या पेशी तग कशा धरतात? बायकोचं म्हणणं, त्या स्वतःच वाढीचा एक घटक तयार करतात आणि एकमेकींना पुरवतात. हे तपासायला तिने त्या घटकाला पकडून ठेवणारी अँटीबॉडी घेतली. घटक अडवल्यावर पेशी मेल्या, तर त्या त्याच्याच जिवावर होत्या.

"म्हणजे डबेवाल्याला वाटेत अडवायचं," मी म्हणालो होतो.

"डबेवाला नाही हो, निरोप्या. तुमचं सगळं पोटावरून."

कसायाकडून ताजे गुडघे मी आणून द्यायचो. तो विचारायचा, "मांस सोडून हाडं नेता, घरी कुत्री किती आहेत?" मी म्हणायचो, "कुत्री नाहीत, बायको आहे." हे तिला कळलं तेव्हा दोन दिवस तिने मलाच 'यू यू' करून जेवायला बोलावलं.

प्रयोगाचा निकाल आला तेव्हा ती दवाखान्यात होती. सुईने फोनवर फोटो दाखवले. अँटीबॉडी घातलेल्या बशीत पेशी मेलेल्या. तुलनेसाठी दुसऱ्या बशीत कशालाच न पकडणारी साधी अँटीबॉडी घातली होती, तिथे सगळ्या टुणटुणीत. बायकोने सलाईनच्या हाताने फोटो मोठा केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?"

तिच्यामागे सुईने लेख पाठवला. तो स्वीकारला गेला, छापायचा तेवढा राहिला होता. मधल्या काळात तिने तीच अँटीबॉडी त्या घटकाशी काही देणंघेणं नसलेल्या पेशींवर घालून पाहिली. त्याही मेल्या. अँटीबॉडी नासू नये म्हणून बाटलीत अझाइड नावाचं विष घातलेलं असतं. जिवंत पेशींवर वापरायची तर ते आधी काढून टाकावं लागतं. साधी अँटीबॉडी दुसरीकडून आलेली, तिच्यात ते नव्हतंच.

"ताई नेहमी स्वच्छ करूनच ठेवायच्या," सुई म्हणाली. "मला वाटलं, हीही केलेली आहे. त्यांना वाटलं, मी करीन. मी विचारलंच नाही हो, काका."

मेहुणी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. "भावोजी, छापून येऊ दे. गेलेल्या माणसाला खोटं पाडून कोणाचं भलं होणार आहे?"

"खोटं नाही पाडत, मावशी..."

"तू बोलू नकोस. चूक तुझी, आणि बट्टा माझ्या बहिणीच्या नावाला?"

सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही तो लेख हवा होता. एक प्रत चौकटीत बसवायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

"म्हणजे तिचं म्हणणं चुकीचं निघालं?" मी विचारलं.

"तेच तर सांगता येत नाही. बरोबरही असेल. विषानेच मेल्या, त्यामुळे घटक अडवल्यावर काय झालं असतं ते दिसलंच नाही."

"मग थांबव छापायचं. दोर तपासल्याशिवाय मी कधी लिफ्ट चालू केली नाही."

"ही काय लिफ्ट आहे?" मेहुणी म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटू लागली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

सुईने लेख मागे घेतला. प्रयोग पुन्हा करायचं तिच्या मनात होतं, पण तिची नेमणूक बायकोच्या प्रकल्पावरची होती, ती संपली. आता ती दुसऱ्या प्रयोगशाळेत त्वचेवर काम करते. मधूनमधून फोन करते. "सुट्टी काढून येते, काका," म्हणते. मी हो म्हणतो.

लोक म्हणतात, समाधानाने गेली, हेही थोडं नाही. मला तसं वाटत नाही. दवाखान्यात असतानाच कळलं असतं तर तिने आम्हा दोघांना फैलावर घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सुईला पुन्हा कामाला लावलं असतं. तेवढे दिवस तिच्या हाती होते.

त्या बाटलीत थोडी अँटीबॉडी शिल्लक आहे. अझाइड काढून तो प्रयोग अजून कोणी केलेला नाही.