चौदा नंबरच्या आत्याबाई

“आल्या बाईसाहेब. एक दिवस घरी बसतील तर शपथ,” शेजारच्या खुर्चीवरचा दादा चहाच्या कपात पुटपुटला. भिंतभर पसरलेल्या फळ्यावर चौदा नंबरचा लाल दिवा लागला होता.

तिने मानही वर केली नाही. भुयारी रेल्वेच्या या कंट्रोल रूममध्ये तिची सोळा वर्षं गेली होती, त्यातली सहा आत्याबाईंच्या संगतीत. रुळाच्या ज्या तुकड्यात गाडी, तिथला दिवा लाल, एवढं साधं गणित. पण चौदा नंबरला बोगदा पाझरायचा, जुनाट तारा ओल्या व्हायच्या आणि गाडी नसतानाही दिवा पेटायचा; या न बोलावता येणाऱ्या दिव्यालाच सगळे आत्याबाई म्हणत. तोही सकाळी साडेआठला, ऐन घाईत. नियमाने माणसं उतरवून बोगदा बघायला हवा. त्यात अर्धा तास जाणार आणि फलाटावरचे लोक सात पिढ्यांचा उद्धार करणार. म्हणून कधीतरी कुणीतरी ड्रायव्हरला सांगितलं, आत्याबाई आल्यात, नजर पोचेल तेवढं बघत हळूहळू जा. पुढे तेच अंगवळणी पडलं. अहवालात मात्र उशिराचं कारण कायम ‘गर्दी’. गर्दी बिचारी खुलासा मागायला येत नाही.

आजही तिने एक गाडी तशीच आत सोडली. आणि मिनिटभरात दिवा विझला.

सुंठेवाचून खोकला गेला, दादा म्हणाला. तिलाही क्षणभर बरंच वाटलं. मग हातातला पेन हातातच राहिला. गाडी तर आत आहे. मग दिवा विझला कसा?

तिने पंधरा पाहिला, सोळा पाहिला. सगळे विझलेले. पुढच्या स्टेशनला फोन लावला, तर मास्तर आधी म्हणाले गाडी आली नाही, मग म्हणाले आत्ताच एक गेली, मग म्हणाले ती बहुतेक पलीकडच्या रुळावरून, उलट दिशेने आलेली. आतल्या ड्रायव्हरला रेडिओवर हाक मारली, तर नुसती खरखर. त्या वळणावर रेडिओ पहिल्यापासून ठार बहिरा. शेवटी तिने हिशेब मांडला. मार्गावर गाड्या नऊ, दिवे आठ. पुन्हा मोजले, तरी आठच. दादाने मोजले तर सात भरले. आत्याबाईंचा एक त्याने सवयीने वजा केला होता, त्या निघून गेल्या तरी.

तेवढ्यात रेडिओवर मागच्या गाडीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा आवाज आला. “वहिनी, आज चक्क हिरवा मिळालाय. निघू? डब्यात मुंगीला जागा नाही.”

“थांबा, भाऊजी.”

“हिरवा असून?”

“थांबा म्हणते ना.”

दोन मिनिटं झाली, चार झाली. मागे गाड्यांची रांग लागली, तसे मोठे साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी फळा पाहिला. मार्ग मोकळा, सिग्नल हिरवा, मग अडलंय कुठे, असं त्यांनी विचारलं. ही रेल्वे पहिल्या दिवसापासून फळ्यावर चालत आली आहे, हेही ऐकवलं. तिचं तिलाच उमगत नव्हतं. फळा खोटा की आपलं डोकं फिरलं? मास्तरांची ती गाडी खरंच पलीकडची होती का? आणि मागे आपला दीर नसता, कुणी परका असता, तर एव्हाना ‘जा’ म्हणून मोकळी झाले असते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. तिची मान खाली गेली.

साहेबांनी कागद पुढे ओढला. वर कळवायचं तर कारण लागतं. दार बिघडलं म्हणू, की प्रवाशाला चक्कर आली म्हणू? दादा कपात बघत हळूच म्हणाला, दार लिहा, दार खपतं.

रेडिओवर दिराने पुन्हा विचारलं, निघू का. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

तिने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“साहेब, असं लिहा,” ती म्हणाली, “की कुठली गाडी कुठं आहे, हे आपल्याला माहीत नाही. सहा वर्षं झाली, आपण अंदाजाने गाड्या सोडतोय.”